यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस : गॅझेटच्या एका परिच्छेदापलीकडचा माणूस कागदांत कसा शोधायचा?

कोकणकडा

नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री (म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची ३ री पलटण). व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. माणगावकरांना हे नाव सांगावं लागत नाही, गावात पुतळाच आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात : मूळ गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. मृत्यू १० जुलै १९४४, इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. वय बावीस.

लंडन गॅझेटमध्ये जो मजकूर छापून आला, तो वाचून अंगावर काटा येतो. मशिनगनचा अगदी जवळून मारा, सेक्शनमधले (त्याच्या छोट्या तुकडीतले) सगळे ठार नाहीतर जखमी, उभा राहिला तो एकटा नाईक. सोबतीला कुणी उरलेलं नाही हे माहीत असून तो गनवर धावून गेला. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. मग स्नायपरच्या गोळ्या लागल्या, छातीत आणि पाठीत. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्याने प्राण सोडला.

आणि इथे कागद संपतात. निदान माझ्यापुरते तरी. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर नोंद आहे, इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर नाव आहे, आणि मार्च १९४५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्यावर व्हाइसरॉय वेव्हेलनी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हाती पदक दिलं एवढं कळतं. पण हा मुलगा शाळेत गेला होता का? भरती कुठे झाला? घरची जमीन किती होती? शेवटची रजा कधी मिळाली? मराठीत जे काही लिहिलेलं सापडतं, ते तोच परिच्छेद अलंकार चढवून पुन्हा सांगतं.

जुन्या दफ्तरांत हात काळे केलेली मंडळी इथे आहेत. सुरुवात कुठून करू?

जुनेकागद

चांगला धागा. आधी एक सावधगिरी सांगतो, कारण या चुकीने निम्मे लेख वाया गेलेले पाहिलेत.

पलटणीचा इतिहास म्हणजे माणसाचा इतिहास नव्हे. ३/५ मराठा मार्च १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनला लढली, तिथे ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी त्यांनी घेतली. पुढे ही पलटण १० व्या इंडियन डिव्हिजनच्या २० व्या ब्रिगेडमध्ये इटलीत आली. हे सगळं खरं आहे. पण घाडगे केरेनला होते असं यातून सिद्ध होत नाही. बेळगावच्या प्रशिक्षण पलटणीतून दर काही महिन्यांनी नव्या जवानांची तुकडी आघाडीवर जायची. तुमचा माणूस कुठल्या तुकडीतून गेला हे कळेपर्यंत पलटणीचे पराक्रम त्याच्या नावावर जमा करू नका.

आता कागद. ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये तीन मालिका बघा. डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ३७३ म्हणजे शौर्यपदकांच्या शिफारशी. डब्ल्यूओ ९८ म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसचे खास कागद. डब्ल्यूओ १७० म्हणजे इटलीच्या आघाडीवरच्या युनिटांच्या युद्ध-डायऱ्या. गॅझेटमध्ये येतो तो शिफारशीतून गाळून घेतलेला मजकूर. पदकाची शिफारस खालून वर जाते : कंपनी, पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन. प्रत्येक पायरीवर सही आणि तारीख. जागेचं नाव, हल्ल्याची वेळ, असल्या गोष्टी युद्ध सुरू असताना गॅझेटमधून मुद्दाम वगळलेल्या असत. ‘इटलीत’ एवढंच छापायचे.

युद्ध-डायरीकडून फार अपेक्षा ठेवू नका. ती ॲडज्युटंट, म्हणजे पलटणीचं दफ्तर सांभाळणारा अधिकारी, लिहितो. त्यात साहेबांची नावं असतात, जवानांचे आकडे असतात. पण १ ते १५ जुलै १९४४ ची पानं मिळाली, तर पलटण कुठल्या कड्यावर होती, तोफांची मदत किती होती, पाऊस होता का, इतकं नक्की कळेल.

थेम्सकाठी

लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जला अधूनमधून जातो म्हणून लिहितो. वाचककार्ड फुकट मिळतं. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. डब्ल्यूओ ३७३ मधल्या बऱ्याच शिफारशी घरबसल्या उतरवून घेता येतात. युद्ध-डायरी मात्र जाऊन बघावी लागते नाहीतर नकल मागवावी लागते, आणि ती महाग पडते. लंडन गॅझेट पूर्ण फुकट आहे, नोव्हेंबर १९४४ च्या आसपास शोधा.

इंडिया ऑफिसचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, सेंट पँक्रसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे सायबर हल्ला झाला आणि त्यांची सूची बराच काळ विस्कळीत होती. तेव्हा निघण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

शोधताना नावाचं स्पेलिंग सोडून द्या. रोमनमध्ये यशवंतचा ‘येशवंत’ झालेला आहे, मराठाचा ‘मह्राटा’. जाधवांचं तर विचारूच नका. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले दुसरे मराठा जवान नामदेव जाधव, त्यांचंच आडनाव इंग्रजी कागदांत तऱ्हेतऱ्हेने येतं. मी क्रमांक, तारीख आणि पलटण यांवरूनच शोधतो.

निवृत्त_सुभेदार

नामदेव जाधवांचा विषय निघाला म्हणून. १/५ मराठाचे, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. कंपनी रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगाच्या पट्ट्यातून मागे आणून ठेवलं, मग परत जाऊन मशिनगनच्या तीन चौक्या मोडल्या, आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची आरोळी ठोकून मागच्या कंपन्यांना बोलावलं. हे १९८४ पर्यंत हयात होते. त्यांना बघितलेली, त्यांच्याशी बोललेली माणसं आहेत. घाडग्यांच्या बाबतीत ती सोय नाही, म्हणून कागदच बघावे लागणार.

आता फौजेतले कागद सांगतो. प्रत्येक जवानाचं शीट रोल असतं. भरतीची तारीख, गाव, ठाणं, पोस्ट, तालुका, जात, धंदा, उंची, छाती, अंगावरची खूण, शिक्षण, बढत्या, शिक्षा, सगळं त्यात. दुसरा कागद म्हणजे किंड्रेड रोल. घरी कोण कोण आहे त्याची यादी. रजा, लग्न, मूल, असं काही झालं की पार्ट टू ऑर्डर निघते. ‘शेवटची रजा कधी’ हा तुमचा प्रश्न पार्ट टू ऑर्डरनेच सुटला तर सुटेल.

हे रेकॉर्ड ऑफिसचं काम. बेळगावला पत्र टाका, पण तुमच्या नावाने नको. वारसाच्या सहीने जाऊ द्या, सोबत नातं दाखवणारा कागद जोडा. परक्या माणसाला कोण दाखवेल? आणि पत्रात ‘सगळी माहिती द्यावी’ लिहू नका. नंबर, रँक, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, आणि नेमकं काय हवं ते. क्लार्कला पाच मिनिटांत कळलं पाहिजे.

मोडीवाचक

सगळे लंडन आणि बेळगाव करताहेत. बावीस वर्षांपैकी बहुतेक वर्षं माणूस माणगाव तालुक्यात होता, तर कागद तिथे शोधायला नकोत का?

१. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. जन्म आणि मृत्यूच्या नोंदी. गावचा कोतवाल सांगायचा आणि पाटील-तलाठ्याच्या दफ्तरी लिहिलं जायचं, आपल्याकडे बहुधा मोडीत. एक मेख आहे. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. ‘अमक्यास मुलगा’ एवढंच. बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते ना! म्हणून ‘यशवंत’ शोधू नका, वडिलांचं नाव धरून १९२१ च्या आगेमागे दोन-तीन वर्षं चाळा. भरतीच्या वेळी सांगितलेलं वय आणि कोतवाल बुकातलं वय जुळेलच असं नाही.

२. शाळेचं जनरल रजिस्टर. नाव, जात, जन्मतारीख, कुठल्या इयत्तेतून शाळा सोडली आणि का. शेवटच्या रकान्यात ‘गैरहजर’, ‘गाव सोडले’, ‘घरकामास’ असलं दोन शब्दांत लिहिलेलं असतं. मला विचाराल तर सगळ्या दफ्तरांत वाचण्यासारखा रकाना तोच.

३. फेरफार, गाव नमुना ६. जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली आणि कशी. घरात कर्ता मुलगा गेला, नंतर वाटण्या झाल्या, वारस नोंद झाली, सरकारकडून जमीन मिळाली, तर इथे दिसणार. पदकविजेत्यांना आणि युद्धातल्या कुटुंबांना जमिनी दिल्या जायच्या, त्याचा शेराही इथे सापडू शकतो.

२०२३ मध्ये शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतली मोडी दफ्तरं उपसली गेली, स्कॅन झाली. हेतू कुणबी नोंदींचा होता, पण आपल्यासारख्यांचंही फावलं. पूर्वी ‘असलं काही आमच्याकडे नाही’ म्हणणाऱ्यांना आता निदान कपाट कुठलं ते माहीत झालंय.

सडेतोड

विचारल्यावाचून राहवत नाही. १९४३ ते ४६ साताऱ्यात प्रतिसरकार चालू होतं. गावोगावची पोरं इंग्रजाविरुद्ध जिवावर उदार झाली होती. त्याच वेळी त्याच मुलखातली दुसरी पोरं इंग्रजाच्या राजासाठी इटलीत मरत होती. त्यांच्या छातीवर राणीच्या नावाचा क्रॉस लावून आपण आज धागे विणायचे? भूमिगतांचे कागद आधी शोधा की.

कोकणकडा

@सडेतोड, दोन्ही शोधूया, कुणी अडवलंय? एकाच घरातला एक भाऊ फौजेत आणि दुसरा भूमिगत, असंही असू शकेल. त्याच्या भरतीमागे राजनिष्ठा होती की खाणारी तोंडं, हे शाळेच्या रजिस्टरवरून आणि फेरफारावरूनच थोडंफार कळेल. न बघताच त्याला हुतात्मा ठरवणं किंवा चाकर ठरवणं, दोन्ही मला जमणार नाही.

सडेतोड

बरं. फेरफार सापडला तर इथे टाका. खाणारी तोंडं हे कारण मला पटेल, ‘वीरश्री’ पटणार नाही.

निवृत्त_सुभेदार

सडेतोडराव, दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज २५ लाखांवर गेली होती, आणि सगळे स्वखुशीने भरती झालेले. सगळ्यांचं कारण एकच कसं असेल? काही पोटासाठी, काही बाप फौजेत होता म्हणून, काही घरात भांडून पळालेले. आणि सेक्शन गनवर जाते तेव्हा राजा आठवत नाही, शेजारचा आठवतो. एवढं बोलून थांबतो.

अबोली_कुडाळ

मध्येच घुसते, माफ करा. आमच्या घरी पणजोबांचं एक पदक आहे. चांदीचं, एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडाबंब माणूस. कडेवर बारीक अक्षरं कोरलीत, त्यात ११७ आणि मराठा एवढं वाचता येतं. घरात एवढंच सांगतात की ते बसऱ्याला होते आणि परत आले तेव्हा ओळखू येत नव्हते. हे शौर्यपदक आहे का? आजोबा सगळ्यांना ‘बहादुरीचा बिल्ला’ म्हणून दाखवायचे.

जुनेकागद

अबोलीताई, तो घोडेस्वार म्हणजे सेंट जॉर्ज. हे ब्रिटिश वॉर मेडल, पहिल्या महायुद्धात सेवा केलेल्या सगळ्यांना मिळालेलं. लढणाऱ्यांना चांदीचं, आणि फौजेबरोबरच्या खानसामे, भिस्ती, खेचरवाले अशा बिनलढाऊ माणसांपैकी पुष्कळांना काशाचं. तुमचं चांदीचं आहे.

शौर्यपदक वेगळं दिसतं. हिंदी जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस १९११ पासून खुला झाला. त्याआधी त्यांच्यासाठी सर्वात मोठा मान ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’चा होता, १८३७ पासूनचा. तो ताऱ्याच्या आकाराचा, त्यावर राजाचं तोंड नाही, मधे निळ्या मिन्यावर अक्षरं. १९०७ मध्ये ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ आलं. ते गोल, चांदीचं. अशी पदकं मिळालेल्यांसाठी फक्त लंडन गॅझेट बघून थांबू नका, गॅझेट ऑफ इंडिया बघा. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर बरंच काही आहे.

पण तुमच्या पदकाची किंमत कडेवर आहे. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण सगळं तिथे असतं. मऊ पेन्सिलीने कागदावर ठसा घ्या. ब्रासो किंवा चिंच लावून घासू मात्र नका, अक्षरं जातात.

थेम्सकाठी

११७ मराठा आणि बसरा म्हटल्यावर कूत-अल-अमाराचाच (आजच्या इराकमधलं गाव) संशय येतो. ६ व्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकल्या, १४७ दिवस. घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली, घोड्याचं मांस खायला अनेक हिंदी जवान बराच काळ तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातून पायी नेलं, पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामाला रास-अल-ऐनला जुंपलं. परत आलेला माणूस ओळखू न येणं त्यात बसतं. तरी आधी क्रमांक वाचा. वेढ्याबाहेर राहिलेले, नंतर भरती होऊन गेलेले असेही ११७ चे जवान होतेच.

पुढे १९२२ च्या फेररचनेत ११७ ची ५ वी रॉयल पलटण झाली, ११० ची ३ री. म्हणजे कोकणकडांची ३/५ आणि कूतची ११० ही एकच परंपरा. बेळगावला पत्र लिहिताना जुना नंबर आणि नवा नंबर दोन्ही द्या.

अबोली_कुडाळ

पेन्सिलीने ठसा घेतला. क्रमांक चार आकडी आहे, तीन आकडे स्पष्ट, चौथा ३ की ८ कळत नाही. नाव मात्र लागलं! आडनाव नाहीच, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. पुरेल ना हे?

मोडीवाचक

ताई, चालेल. त्या काळी आडनाव न लिहिणं नेहमीचंच. आणि तुमचं गाव तेव्हा सावंतवाडी संस्थानात असलं तर कागद रत्नागिरी कलेक्टरच्या दफ्तरात शोधून उपयोग नाही, संस्थानी दफ्तर बघावं लागेल. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, हे दफ्तरखान्यातल्या माणसालाही आठवण करून द्यावं लागतं.

आणखी एक जागा सगळे विसरतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्या. लढाईहून जिवंत परतलेला माणूस, किंवा मेलेल्याचे नातेवाईक, पुढेमागे तीर्थाला जातातच. तिथे वंशावळीसकट, गावासकट नोंद होते, खाली यजमानाची सही नाहीतर अंगठा. गावाचं नाव सांगितलं की आपली चोपडी कुठल्या उपाध्यायाकडे ते कळतं.

सडेतोड

बसऱ्याच्या स्मारकावर पणजोबांसारख्यांची नावं असतील ना?

थेम्सकाठी

त्यांचं नसणार, ते परत आले. पण जे मेले त्यांचीही नाहीत, आणि हे तुम्हाला मुद्दाम सांगायचं होतं. बसरा स्मारक ४०,००० हून अधिक मृतांचं आहे. भिंतीवर गोऱ्यांपैकी साध्या शिपायाचंही नाव आहे, हिंदी फौजेतल्या मात्र फक्त अधिकाऱ्यांची. हिंदी जवान पलटणीच्या नावाखाली आकड्यात. त्यांची नावं नोंदवहीत राहिली, दगडावर आली नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने या भेदभावावर अहवाल काढला आणि माफी मागितली. उलट इटलीत, दुसऱ्या महायुद्धानंतर, कसिनोला जवानांची नावंही दगडावर आहेत. तीस वर्षांत एवढा फरक पडला.

सडेतोड

हे माहीत नव्हतं. म्हणजे उलट माझा मुद्दा पक्काच झाला, पण धागा चालू द्या.

निवृत्त_सुभेदार

कोकणकडा, एक काम घरी बसून होईल. घाडग्यांच्या सेक्शनमधले ‘ठार किंवा जखमी’ कोण होते? आयोगाच्या यादीत पलटण ५ मराठा लाइट इन्फन्ट्री आणि मृत्यूची तारीख १० जुलै १९४४ टाकून बघा. एक दिवस मागेपुढेही बघा, जखमी नंतर गेले असतील. गाव आणि वडिलांचं नाव पुष्कळदा दिलेलं असतं. काहींची नावं कसिनोला, काहींची आरेझ्झोच्या दहनस्मारकावर मिळतील. सगळेच त्याच सेक्शनचे असतील असं नाही, पलटण मोठी. पण त्यांची गावं नकाशावर मांडा. भरतीवाला कुठल्या बाजारातून फिरला ते दिसतं. आणि त्यांच्या घरात एखादं पत्र राहिलं असेल, ज्यात यशवंताचं नाव असेल. ज्याला पदक मिळालं त्याच्या घरचे कागद सगळे मागून नेतात. ज्याला नाही मिळालं त्याची ट्रंक कुणी उघडलेली नसते.

जुनेकागद

सुभेदारसाहेब, हे मला सुचलं नव्हतं. पूर्ण अनुमोदन.

कोकणकडा

यादी काढली. नावं आत्ता इथे टाकत नाही, आधी गावं नीट लावतो. रोमनमधल्या गावनावांनी डोकं उठलंय, काही ठिकाणी एकाच स्पेलिंगची तीन-तीन गावं आहेत. जिल्हा ‘कोलाबा’ लिहिला असेल तर मुंबईचं कुलाबा समजून घोटाळा करू नका, असं माझ्यासारख्या नव्यांना सांगून ठेवतो.

दुसरं, इटलीत पेरुजियाजवळच्या मोंतोने गावात जुलै २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय. इटलीच्या लढाईत ५०,००० हून जास्त हिंदी सैनिक होते, ५,७८२ मेले, तिथे दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ आपल्या जवानांचे. त्या भागातले हौशी इतिहासकार टेकड्या पायी फिरून युद्ध-डायऱ्यांशी ताडून बघतात. इटालियन येणारं कुणी आहे का इथे? त्यांना पत्र लिहायचंय. जुलै ४४ च्या गावकीच्या आणि चर्चच्या नोंदींत हिंदी सैनिकांचा काही उल्लेख आहे का, एवढंच विचारायचं आहे.

पुलगावची_पोर

मला येतं, मिलानमध्ये शिकते. मसुदा मराठीत पाठवा, मी करून देईन. चर्चच्या नोंदवह्या धर्मप्रांताच्या दफ्तरात असतात, गावच्या पाद्र्याकडे नेहमीच असतील असं नाही. तेव्हा दोन पत्रं लागतील.

व्यवस्थापक

सूचना : घाडगे कुटुंबीय किंवा इतर सैनिकांचे आजचे वारस यांची नावं, पत्ते, फोन नंबर इथे टाकू नयेत. सध्या एक प्रतिसाद संपादित केला आहे.

कोकणकडा

मान्य. ठरलं ते असं. मोंतोनेचे दोन मसुदे उद्या पाठवतो. बेळगावचं पत्र वारसांशी बोलूनच जाईल, त्यांना नको असेल तर नाही. माणगावच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक आणि फेरफार बघायला पुढच्या आठवड्यात जातोय. मोडीवाचक, येता का? जेवण माझ्याकडे.

मोडीवाचक

येतो. आधी नकलेचा अर्ज करून ठेवा, मौजे पळसगाव, १९१८ ते १९२५, नाहीतर दिवसभर बाकावर बसून परत यावं लागेल. भिंग माझ्याकडे आहे, टॉर्च तुम्ही आणा.

अबोली_कुडाळ

चौथा आकडा ८ आहे! खिडकीत तिरपं धरून मोबाइलने फोटो काढला. आता ११७ ची नामावली कुठे मिळेल?